ताईच्या विहिरीतलं थोरियम

मी काय काम करतो हे आमच्या नातेवाइकांपैकी कुणालाही धड सांगता येत नाही. बायको 'कंपनीत आहेत' म्हणून मोकळी होते. सासरे 'पाण्याचं काहीतरी आहे' म्हणतात. एका लग्नाच्या मांडवात तर एका काकांनी 'हे बोअरला पाणी लागेल की नाही ते सांगतात' अशी माझी ओळख करून दिली. मग जेवण होईपर्यंत मी लोकांना समजावत बसलो की मी हातावर नारळ घेऊन शेतात फिरत नाही. त्यांची निराशा झाली. नारळवाल्याला निदान मान असतो.

खरं काम असं आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी खासगी प्रयोगशाळा आहे. तिथे पाणी, माती, मसाले, औषधांची पावडर असं काय काय तपासायला येतं, आणि माझ्या ताब्यात मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. यंत्रात पाण्याचा आधी बारीक फवारा होतो. तो आरगॉन वायूच्या प्रचंड तापलेल्या झोतात शिरतो, तिथे पाण्यातल्या एकूण एक पदार्थाचे अणू सुटे होतात, त्यांच्यावर विद्युतभार चढतो आणि मग ते वजनाप्रमाणे वेगळे काढून मोजले जातात. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग ओतून मोठी, मधली, बारकी वेगळी करतात, तसंच हे. फरक इतकाच की कळमन्यात संत्रं डोळ्यांना दिसतं.

युरेनियम, थोरियम ही नावं ऐकली की लोकांना बॉम्ब आठवतो. प्रत्यक्षात हे दोन्ही किरणोत्सारी धातू खडकात, मातीत सगळीकडे थोडे थोडे असतातच. तुमच्या कुंडीत आहेत, माझ्या चपलेला लागलेल्या धुळीत आहेत. ते पाण्यात उतरलेत का आणि किती, एवढाच प्रश्न असतो. हे 'किती' फारच थोडं असतं, तलावात चिमूट टाकून ती शोधायला सांगावं इतकं. आमचं यंत्र ती शोधून काढतं. त्यामुळे माझी मान जरा ताठ असते, हे बायकोनं अनेकदा सांगितलेलं आहे.

इतकं थोडं मोजायचं म्हणजे स्वच्छता आली. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी याबद्दलचं भाषण मीच देतो. 'या खोलीतला सगळ्यात घाणेरडा पदार्थ म्हणजे तुम्ही स्वतः' या वाक्यानं ते सुरू होतं. वाक्य मला फार आवडतं. पुढे सांगतो की हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला स्पर्श करायचा नाही, आणि नमुना आणायला जाताना शुद्ध पाण्याची एक बाटली बरोबर न्यायची, तिथे उघडायची, बंद करायची, परत आणायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की ते विहिरीतलं नाही, आपल्या हातचं आहे. हिला आम्ही ब्लँक म्हणतो. भाषणात एक गमतीचा भागही आहे. त्यावर मुलं नेहमी हसतात, निदान मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं की हसतात.

असा हा विद्वान गृहस्थ गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे निघाला.

ताई कुहीच्या पुढे एका गावात असते. माझ्याहून मोठी आहे आणि लहानपणापासून मला हुशार समजते. हा तिचा एकमेव गैरसमज. बाकी बाई अतिशय व्यवहारी आहे. धानाची शेती, घर, म्हशी, सगळं तिच्या नजरेखाली चालतं. घरासमोर विहीर आहे, भाऊजींच्या वडिलांनी खोदलेली. गावात नळ आहे, पण तो कधी येईल ते नळालाच माहीत, म्हणून सगळी गल्ली या विहिरीचं पाणी पिते. त्याचा ताईला अभिमान आहे. गल्लीत कोणतीही नवी सून आली की तिला आधी विहीर दाखवायची, मग देऊळ.

दरवर्षी ओवाळणीची साडी बायको घेऊन ठेवते. त्या वर्षी ती आधीच तिच्या भावाकडे गेली होती आणि मी साडी विसरलो. विसरलो हे मला वाटेतलं पाचगाव ओलांडल्यावर आठवलं. भाऊजींनी इतवारीच्या बाजारातून आणायला सांगितलेली वस्तू मात्र आठवणीनं खिशात होती, म्हणजे विस्मरणही निवडक होतं. गाडी बाजूला लावून मी विचार केला. डिक्कीत नमुन्याच्या दोन रिकाम्या बाटल्या आणि हातमोज्यांची पुडी होती, कारण ती तिथे नेहमीच असते. ब्लँकची बाटली नव्हती. भाऊबीजेला ब्लँक कोण नेतो? आणि मला सुचलं की ताईच्या विहिरीचं पाणी आपल्या यंत्रावर तपासून द्यायचं, हीच ओवाळणी. बाजारात या तपासणीला चांगले पैसे पडतात. कल्पना इतकी उत्तम वाटली की उरलेला रस्ता मी शीळ घालत गेलो.

भाऊजी ओसरीवर गॅसबत्ती मांडून बसले होते. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो. गावात वीज आहे, दिव्यांच्या माळा आहेत, पण भाऊजींच्या मते दंडार ही गॅसबत्तीच्याच उजेडात बघायची गोष्ट आहे. म्हणून वर्षातून एकदा ती जुनी बत्ती माळ्यावरून उतरते. इतवारीतून आणायला सांगितले होते ते मॅंटल. मॅंटल म्हणजे बत्तीच्या काचेत लटकते ती जाळीची पांढरी थैली. ती दोऱ्यानं गळ्याशी बांधायची. पेटवली की कापड जळून जातं, आणि मागे उरलेली राखेची जाळी पांढराशुभ्र उजेड देते. एका जुन्या दुकानात, बहुधा दुकानदाराच्या वडिलांच्या काळापासून पडलेली काही पाकिटं मला मिळाली होती.

भाऊजींच्या बोटांना ते नाजूक काम जमेना. मी म्हणालो, "आणा इकडे. आम्ही रोज हेच करतो."

पहिलं मॅंटल माझ्या हातात फाटलं. भाऊजींनी दुसरं पाकीट पुढे केलं. ते मी बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, गाठ सरळ केली आणि बोटांना लागलेली भुकटी पॅंटला पुसली. तेवढ्यात विहिरीवरून ताईची हाक आली, "भाऊ, ये ना गा. बादली काढून ठेवली म्या."

विहिरीवर शेजारीण घागर घेऊन उभी होती. मी भारदस्तपणे खिशातून हातमोजे काढले.

ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काहून गा, माह्या पाण्याले हात लावाले मोजे लागते काय?"

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. आता माणसानं काय करावं? प्रयोगशाळेत मी मालकालाही मोज्यांवाचून आत येऊ देत नाही. पण ताईच्या विहिरीवर, भाऊबीजेच्या दिवशी, तिच्या पाण्याला मोजे घालून हात लावणं म्हणजे तिच्या ताटातली पुरणपोळी चिमट्यानं उचलण्यासारखं झालं असतं. मी मोजे परत खिशात घातले, बाटली धरली आणि मनगटापर्यंत हात बादलीत बुडवून ती भरून घेतली. माझ्याच भाषणातले सगळे नियम मी एका दमात मोडले, आणि मला त्यातला एकही आठवला नाही.

मग पाटावर बसलो. ताईनं ओवाळलं. मी ती भरलेली बाटली क्षणभर ताटात ठेवून ओवाळणीची घोषणा केली. ताईला खरंच आनंद झाला. "पहा, साड्या काय सगळेच देते," ती भाऊजींना म्हणाली.

भाऊजींनी बाटलीकडे पाहिलं. "पाव्हणे, आमच्याच विहिरीचं पाणी आमालेच ओवाळणीत?"

दिवाळीनंतर प्रयोगशाळेत कामाची रांग होती. ताईची बाटली यंत्राला लागायला बरेच दिवस गेले. लागली तेव्हा पडद्यावर सगळं ठीक होतं. लोह ठीक, शिसं नाही, युरेनियम नावापुरतं. आणि थोरियम मात्र वर. थोडंथोडकं नव्हे, आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही विहिरीच्या पाण्यात मी इतकं कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या यंत्रावर एक मॅडम काम करतात. वयानं माझ्याहून लहान, पगारानंही लहान, बाकी कशानंही नाही. त्यांनी पडद्याकडे पाहून विचारलं, "सर, थोरियम? पाण्यात?"

त्यांचं आश्चर्य बरोबर होतं. युरेनियम पाण्यात विरघळतं, वाहतं. थोरियम विरघळायला तयारच नसतं. ते खडकाला, गाळाला चिकटून बसतं. विहिरीच्या साध्या पाण्यात ते जवळपास सापडतच नाही. हे मॅडमना मीच शिकवलं होतं.

"म्हणून तर हे महत्त्वाचं आहे," मी म्हणालो.

"ब्लँक काय दाखवतो?"

"घरचा नमुना आहे हो," मी म्हणालो. याला उत्तर म्हणतात की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तीच बाटली पुन्हा लावली. तेच आलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. माझी खात्री पटली. घाणेरड्या हातानं भरलेली बाटली कितीही वेळा मोजली तरी तेच येणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

खरं सांगतो, मी घाबरलो. ताई हे पाणी प्यायची, सगळी गल्ली प्यायची. पण त्या भीतीच्या मांडीला मांडी लावून आनंदही बसला होता, आणि तो मी स्वतःपासून लपवत होतो. पूर्व विदर्भातल्या भूजलात थोरियम, आजवर कुणालाच न दिसलेलं. शोधनिबंध. बातमी. मग कुठेतरी सत्कार, शाल, श्रीफळ, शेवटी नारळ मिळालाच. त्या संध्याकाळी आरशासमोर दाढी करताना मी 'यात माझं विशेष काही नाही' असा चेहरा करून पाहिला. तो दोनतीनदा करून पाहिल्यावर बरा जमला.

ताईला फोन केला.

"ताई, विहिरीचं पाणी पिऊ नोको. स्वयंपाकालेही नोको."

"काय निघालं गा त्याच्यात?"

"थोरियम."

"ते काय असते?"

"किरणं टाकते. शरीराले बरं नसते."

विहिरीबद्दल कुणी वावगं बोललेलं तिला खपत नाही, म्हणून मी वादाच्या तयारीत होतो. पण तिनं एवढंच विचारलं, "मंग काय पेवावं?"

"तोवर बोरिंगचं आण ना."

बोरिंग म्हणजे गावाच्या टोकाला असलेला हातपंप. त्याचं पाणी मी तपासलं नव्हतं, चाखलंही नव्हतं. जन्मभर लोकांना 'न तपासता काही बोलू नका' सांगणाऱ्या माणसानं न तपासलेलं पाणी सख्ख्या बहिणीला सुचवलं, आणि वर म्हणाला, "गल्लीतल्या लोकाइलेही सांगून ठेव."

तिनं घरोघरी जाऊन सांगितलं. स्वतःच्याच विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगत फिरताना तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं तेव्हा मला सुचलं नाही.

निबंधावर मॅडमनी नाव टाकायला नकार दिला. "ब्लँकशिवाय मी नाही, सर," इतकंच म्हणाल्या. एकट्याच्या नावानं पाठवायचा धीर मला झाला नाही, म्हणून संक्रांत झाल्यावर एका दुपारी तिळगूळ, ब्लँक आणि हातमोजे घेऊन मी पुन्हा ताईकडे गेलो. या वेळी मी माझ्याच भाषणाचा चालता नमुना होतो. मोजे घातले, बाटली विहिरीच्या पाण्यानं आधी विसळली, ब्लँक उघडला, बंद केला. विहिरीवर त्या वेळी कुणी नव्हतं. दोर ओला होता, पण ओल्या दोरावरून काही ओळखावं इतकी हुशारी माझ्याकडे नव्हती. जाता जाता बोरिंगच्या पाण्याचीही बाटली भरली, तुलनेला बरी म्हणून.

ताईनं जेवायला वाढलं. वरणातली डाळ दाताखाली कचकच लागत होती. ताईच्या हातचं वरण म्हणजे आमच्या घराण्यात दाखला द्यायची गोष्ट. मला वाटलं, वय झालं, आता हिचा हात बिघडला. मी मोठ्या मनानं भात दोनदा घेतला.

निघताना ती म्हणाली, "झालं काय गा तपासून?"

"चालू आहे," मी म्हणालो.

निकाल आले. विहिरीत थोरियम नव्हतं. म्हणजे जे विहिरीत असू शकतं तेवढंही नव्हतं. विहीर शुद्ध, गोड, एखाद्या जाहिरातीत दाखवावी अशी. ब्लँकही कोरा. आणि बोरिंगच्या बाटलीत युरेनियम, पिण्याच्या पाण्याला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर. यात नवलाईचं काही नव्हतं. खोल खडकातलं पाणी वर्षानुवर्षं दगडाला चिकटून असतं, त्यात युरेनियम उतरतं. उथळ विहिरीत सहसा नाही. हेही माझ्या भाषणात आहे. मी ताईला चांगल्या विहिरीवरून उठवून त्या पंपावर धाडलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. मॅडम चहा घेऊन आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "पहिल्या वेळी बाटली भरायच्या आधी हातानं काय करत होतात?"

"काही नाही हो. भाऊबीज होती. भाऊजींच्या गॅसबत्तीला मॅंटल बांधून दि..."

वाक्य तिथेच राहिलं. माझ्या भाषणातला तो गमतीचा भाग, ज्यावर मुलं हसतात, तो असा आहे: "थोरियम बघायचंय? आजोबांच्या गॅसबत्तीचं जुनं मॅंटल घ्या. लख्ख उजेडासाठी कापड थोरियमच्या क्षारात भिजवलेलं असायचं." क्षार, म्हणजे न जळलेल्या मॅंटलवर असतो तो पाण्यात विरघळणारा. तो बोटांवर घेऊन मी बहिणीच्या बादलीत हात घातला होता. किती वर्षं हा विनोद मी सांगत होतो, आणि शेवटी तो स्वतःवरच करून दाखवला.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला. खात्री करायला म्हणून माझ्याकडे उरलेल्या एका पाकिटातल्या मॅंटलचा धागा आम्लात भिजवला आणि ते आम्ल पुरेसं पातळ न करताच यंत्राला पाजलं. यंत्र बोंबललं. थोरियमची एक खोड आहे, ते नळ्यांच्या आतून चिकटून बसतं आणि निघता निघत नाही. पुढचे कित्येक दिवस काहीही लावलं तरी थोरियम दिसायचं. औषध कंपनीच्या पावडरमध्ये थोरियम, हळदीत थोरियम, शुद्ध पाण्यात थोरियम. मालकांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. काय बोलले ते इथे लिहिण्यात अर्थ नाही, पण त्यात असत्य असं काही नव्हतं. नळ्या बदलल्या, यंत्र धुतलं. मी त्या दिवसांत बारीक तोंड करून फिरत होतो. पण एका गोष्टीला मी हात लावला नव्हता. ताईला फोन.

फोनवर सांगावं कसं, कळत नव्हतं. आणि खरं म्हणजे मला तिच्या कौतुकाची सवय होती, ती सुटेल याची भीती वाटत होती. शेवटी रजा टाकून गेलोच. वाटेत सगळं बोलणं जुळवलं. गल्लीला एकत्र बसवायचं, विहीर सुरक्षित आहे सांगायचं, बोरिंग धोक्याचं आहे सांगायचं, सोप्या भाषेत. घरी बसून एक तक्ताही रंगवून आणला होता, विहीर हिरवी, बोरिंग लाल.

गल्लीत शिरलो तर विहिरीवर गर्दी. घागरी, बादल्या, दोर खाली-वर. शेजारीण पाणी शेंदत होती. मला पाहून तिनं दोर थांबवला.

"तुम्ही विहिरीचं पाणी घेऊन राहिले?" मी विचारलं.

"मंग काय करावं? चार दिवस बोरिंगचं आणलं, भाऊ. दिवसभर चुलीवर ठेवली तरी डाळीचा दाणा फुटत नाही त्याच्यात. साबणाले फेस नाही. आमी लगेच परत आलो." तिनं घागर भरली, कमरेवर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "तुमच्या थोरियममंदी डाळ तरी शिजते."

इतर बायका हसल्या. मीही हसलो. गाडीच्या डिक्कीत माझा तक्ता होता, तो मी तिथेच राहू दिला. गल्लीनं माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, म्हणून सगळ्यांचं बरं चाललं होतं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. माझा मूर्खपणा कुणालाच बाधला नाही, डाळीनं सगळ्यांना वाचवलं, असं म्हणत मी ताईच्या घरात शिरलो.

ताई नव्हती. भाऊजी ओसरीवर होते. त्यांनी दारातून बाहेर पाहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "पाव्हणे, एक काम करा. तिले समजावा. मी रोज 'जरासा येतो' म्हणून बाजूच्या घरी जातो अन् वरण खाऊन येतो. ह्या वयात माणूस दुसऱ्याच्या घरी जेवाले जाते काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. ती अजून बोरिंगचंच आणते."

तेवढ्यात ताई आली. कमरेवर घागर, डोक्यावर कळशी. गावाच्या टोकापासून आली होती. आपल्याच विहिरीवरच्या गर्दीला वळसा घालून ती घरात शिरली. घागर उतरवून पदरानं कपाळ पुसलं आणि मला पाहून नेहमीसारखी हसली. "आला काय गा? थांब, पाणी देतो."

तिनं कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं. मी पेला हातात धरून बसलो.

"ताई, ते सगळे विहिरीचं पिऊन राहिले ना?"

"मंग मी काय हाकलून देऊ? मी सांगतलं त्याइले. नाही ऐकत. मले रोज भेव वाटते, कोणाले काही झालं त आपल्या विहिरीचं नाव जाईन. मामंजीनं खोदली ती." ती खाली बसली. "पण मी नाही घेतलं. तू म्हटलं होतं ना नोको म्हणून."

आख्ख्या गल्लीत एका माणसानं माझं ऐकलं होतं. बाकी सगळे चांगलं पाणी पीत होते, आणि जिनं माझा शब्द पाळला तीच तेवढी युरेनियम पीत होती, दूरवरून डोक्यावर वाहून आणून, कच्च्या डाळीसकट. संक्रांतीनंतर मी तेच वरण खाल्लं होतं आणि तिचं वय झालं असं ठरवून आलो होतो.

मी सांगितलं. मॅंटल, बोटं, बादली, सगळं. विहीर कधीच खराब नव्हती हे सांगितलं. बोरिंगचं सांगायला जीभ वळेना, तेही सांगितलं. इतक्या दिवसांत काही होत नसतं, ती मर्यादा जन्मभर पिणाऱ्यासाठी असते, हेही सांगितलं. ते खरं आहे, आणि तिच्यासमोर म्हणताना ते खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. मी रडायच्या बेतात आलो होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चांगलं पाणी या लोकायनं पेलं," ती म्हणाली.

"हो."

"अन् खराब मी पेलं."

"हो, ताई."

मी बोलणी खायला तयार होतो. ती मला कधीच रागावलेली नाही, पण आज रागवावं असं फार वाटत होतं. भाऊजी ओसरीवरून उठून आत आले. ताईनं माझ्या हातातला पेला काढून घेतला, पाणी तुळशीच्या मुळाशी ओतलं आणि कळशीतलं मोरीत ओतून दिलं. मग विहिरीकडे निघाली. मी मागोमाग. विहिरीवरच्या बायका बाजूला झाल्या.

"हात धू पहिले," ती म्हणाली.

मी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. शेजारीण पाहत होती, पण या वेळी हसली नाही. ताईनं बादली सोडली. मी म्हणालो, मी शेंदतो, पण तिनं दोर दिला नाही. स्वतः ओढली, काठावर ठेवली, पेला बुडवून भरून घेतला. पाणी निवळ होतं. इतके दिवस रोज ती याच्या शेजारून रिकाम्या घागरी घेऊन गेली होती.

पेला तिनं ओठांपर्यंत नेला आणि थांबली. पाण्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, अगदी सरळ, पूर्वीइतक्याच विश्वासानं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सांग ना गा," ती म्हणाली. "पिऊ काय?"